एकाच डेस्कटॉपवर तीन नोड: कॅसँड्रासोबत गेलेला शनिवार

कॅसँड्रा म्हणजे डेटा अनेक मशीनवर वाटून ठेवणारा डेटाबेस; त्यातलं एकेक मशीन म्हणजे नोड, सगळे मिळून क्लस्टर. तीन मशीन नसताना तीन नोडचं क्लस्टर चालवून बघायचं, एवढाच बेत होता. हाताशी १६ जीबी रॅमचा लिनक्स डेस्कटॉप, त्यावर कॅसँड्रा ४.१ आणि जावा ११. विंडोज असेल तर डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स) किंवा डॉकर (कंटेनर चालवायचं साधन) आधी उभं करा, ४.० पासून विंडोजवर थेट चालवायची सोय काढून टाकली आहे.

पहिला नोड मिनिटभरात उठला. मी हुरळलो आणि सेटिंगच्या यॅमल फाइलमध्ये क्लस्टरचं 'टेस्ट क्लस्टर' हे नाव बदलून टाकलं. पुन्हा सुरू करायला गेलो तर ठप्प. जुनं नाव डिस्कवर जतन झालेलं असतं, ते जुळलं नाही की नोड उठायलाच नकार देतो. डेटा काहीच नव्हता म्हणून डेटाचं फोल्डर उडवून मोकळा झालो. तुम्ही नाव पहिल्यांदा सुरू करायच्या आधीच ठरवा.

मग कॅसँड्राची टार फाइल (डाउनलोड केलेलं पॅकेज) तीन फोल्डरांत उघडली. लिसन (नोडांनी आपसांत बोलायचा) आणि आरपीसी (क्लायंटने जोडायचा) पत्ते अनुक्रमे १२७.०.०.१, .२ आणि .३ दिले, सीड (क्लस्टरमध्ये शिरताना आधी गाठायचा नोड) तिघांनाही पहिलाच. मॅकवर .२ आणि .३ हे पत्ते आधी हाताने जोडावे लागतात. जेएमएक्सचा (जावा प्रोग्रॅमवर देखरेखीची सोय) पोर्ट मात्र तिघांचा ७१९९च राहतो, तो एन्व्ह फाइलमध्ये वेगवेगळा करा. नोडटूल (नोड सांभाळायचं कमांडलाइन साधन) चालवताना तोच पोर्ट सांगायचा.

खरा घोळ रॅमचा. हीप (जावाची मुख्य मेमरी) ठरवून दिली नाही तर प्रत्येक नोड मशीनच्या रॅमचा साधारण पाव हिस्सा घेतो. आपल्या शेजारी आणखी दोघं बसलेत हे त्याला कुठून कळणार! ४ जीबीचे तीन, हीपबाहेरची मेमरी वेगळी, वर ब्राउझर उघडा. तिसरा नोड उठता उठता कर्नलने मारला आणि लॉगमध्ये एक ओळसुद्धा नाही. अर्धा तास मी लॉगच चाळत बसलो, उत्तर डीमेसेजमध्ये (कर्नलच्या संदेशांत) होतं. कमाल हीप १ जीबी, नवी हीप (हीपमधला नव्या ऑब्जेक्टसाठीचा भाग) २०० एमबी केली (दोन्ही आकडे जोडीनेच द्या) आणि शांतता झाली.

नोड एकेक करून उठवा. नोडटूल स्टेटसमध्ये 'यूजे'चं (सुरू, पण अजून जोडला जातोय) 'यूएन' (सुरू आणि सामान्य) झाल्याशिवाय पुढच्याला हात लावू नका.

आता ज्यासाठी हा खटाटोप केला ते. रेप्लिकेशन ३ (प्रत्येक ओळीच्या तीन प्रती) ठेवून टेबल बनवलं आणि दोन नोड मारले. तरी इन्सर्ट बिनबोभाट झाला! कारण सीक्यूएल शेलची (कॅसँड्राला क्वेरी द्यायचं साधन) कन्सिस्टन्सी, म्हणजे किती प्रतींनी होकार द्यायचा, मुळात 'वन' असते. 'कोरम' (बहुमत) केल्यावर साफ नकार आला: दोन प्रती हव्यात, जिवंत एक. मारल्यावर लगेच घाई केलीत तर हा नकार दिसणार नाही, नुसता टाइमआउट येईल. नोड गेलाय हे बाकीच्यांना उमगायला काही सेकंद लागतात.

शेवटी तिघांना परत उठवलं, फक्त तिसरा पाडला, एक ओळ लिहिली, त्याला उठवलं, चहा करून आलो. मग पहिले दोन बंद करून तिसऱ्यालाच 'वन'वर विचारलं. ओळ होती. गैरहजेरीतलं लिखाण बाकीचे नोड हिंट म्हणून राखून ठेवतात, पण मूळ सेटिंगमध्ये तीनच तास. नोड त्याहून जास्त वेळ बंद राहिला तर उठवल्यावर नोडटूल रिपेअर (प्रती पुन्हा जुळवणारी कमांड) चालवा.