सिग्नेचर डिफर्स

सोमवार, 19 जानेवारी 2026. पहाटेचे पावणेतीन.

झोप गेली ती नेहमीच्याच कारणाने. पाठीतून वाफ निघाल्यासारखी झळ वर चढली, मानेपर्यंत घाम, रजई लाथेने ह्यांच्या अंगावर ढकलली आणि खिडकी उघडली. बाहेर थंडी ही, पेपरात रोज निफाडचा पारा, दवाचा बर्फ झाल्याचे फोटो, आणि मी नुसत्या गाऊनवर खिडकीत. पाचेक मिनिटांत झळ ओसरते, मग तोच घाम गार पडतो आणि हुडहुडी भरते, की परत रजई. हे झोपेतच म्हणाले, लाव गं ती खिडकी. रोजचंच आहे. ते लिहायचं नव्हतं.

लिहायचंय ते चेकबद्दल.

सोसायटीच्या मेंटेनन्सचा चेक परत आला. शुक्रवारी संध्याकाळी सेक्रेटरी स्वतः वर आले आणि इतक्या हळू आवाजात बोलायला लागले की मला वाटलं बिल्डिंगमधलं कोणी गेलं की काय. वहिनी, चेक रिटर्न झालाय. मी म्हटलं अहो पेन्शन जमा झालीय, पैसे आहेत खात्यात. तर त्यांनी चिठ्ठी पुढे केली. ड्रॉअर्स सिग्नेचर डिफर्स. म्हणजे सही जुळत नाही. होतं कधीकधी, असं म्हणून चहा न घेताच गेले बिचारे. बँकेने पैसे कापले ते वेगळेच, पण ते जाऊ दे.

चिनू म्हणते यूपीआय कर ना आई, आता चेक कोण लिहितं. मी लिहिते. मला आवडतं. तारीख, रक्कम अक्षरी, पुढे 'फक्त', आणि खाली सही. अठ्ठावीस वर्षं प्रगतिपुस्तकांवर सह्या केल्यात, वर्गात पन्नास-पंचावन्न पोरं, एका बैठकीत सगळ्या सह्या, आणि पहिली नि शेवटची शेजारी ठेवली तर छापल्यासारखी. पालकांची खोटी सही करून आणणारी कार्टी मी लांबून ओळखायचे. आणि आता मलाच चिठ्ठी, की ही सही तुमची नाही.

चूक अशी झाली की चेक मी सकाळी सातला लिहिला. सकाळी सात ही माझ्या बोटांची वेळ नाही. उठल्यावर दोन्ही हाताच्या मुठी वळत नाहीत, बोटं रात्रभर फ्रीजमध्ये ठेवल्यासारखी. कोमट पाण्याच्या पातेल्यात हात बुडवून बसते, मग कणीक मळते, मग हळूहळू मोकळी होतात. उजवा अंगठा तर अर्ध्यात अडकतो आणि टक् आवाज करून सुटतो, खटका असलेल्या जुन्या बटणासारखा. कोवळं ऊन गॅलरीत येईपर्यंत मी कोणाला नीट नमस्कारसुद्धा करू शकत नाही, पण सकाळी सातला मला नमस्कार घ्यायला येतंय कोण.

संक्रांतीला तिळाचे लाडू वळता येईनात. पाक गरम असतानाच वळावे लागतात, भरभर, आणि माझा दुसरा लाडू होईस्तोवर परातीत सगळं दगड. शेवटी परत गरम करून वड्या थापल्या आणि वन्संना फोनवर सांगितलं, यंदा म्हटलं वड्याच करू, लाडू काय नेहमीचेच. त्यांना कळलं असणार. काही बोलल्या नाहीत.

पण लाडवाचं मला इतकं लागलं नाही. सहीचं लागलं. दोन दिवस तेच चाललंय डोक्यात, का ते कळत नाहीये म्हणून तर हे लिहायला बसलेय.

शनिवारी बँक उघडल्या उघडल्या गेले. सव्वादहा, म्हणजे परत चुकीची वेळ, शिवाय रिक्षात वारं लागलेलं. काउंटरवर मुलगी छान होती, चिनूपेक्षा लहानच असेल. म्हणाली मॅडम या कागदावर तीन सह्या करा. केल्या. तिन्ही तीन तऱ्हेच्या. एक आखडलेली, एक घसरलेली, तिसरी कोणाची होती देवाला माहीत. तिने स्क्रीन माझ्याकडे वळवला, म्हणाली ही बघा तुमची आपल्याकडची, अशी करायचा प्रयत्न करा ना.

आणि मी बघितली. 2009 साली खातं उघडलं तेव्हाची. काय सही होती माझी! पहिल्या अक्षराचा गोल एका दमात, मधे हात कुठे उचललेला नाही, आणि शेवटी नावाखालून उलटं मागे जाणारं लांब शेपूट, त्यावर दोन टिंबं. ते शेपूट मी काढायचे तेव्हा विचारसुद्धा करायचे नाही. तिथे काउंटरवर उभ्या उभ्या मला त्या बाईचा हेवा वाटला. म्हणजे माझाच. असा हेवा फोटो बघून कधी वाटला नव्हता, केसांचा नाही, आणि त्या दुसऱ्या गोष्टीचाही नाही.

मग ती मुलगी अगदी मायेने म्हणाली, जमत नसेल तर अंगठापण चालतो मॅडम, साक्षीदार लागतो फक्त.

अंगठा! एम.ए. बी.एड. बाईला! वर्गात पोरांना मीच ओरडायचे, अक्षर सुधारा नाहीतर अंगठाछाप राहाल. आणि त्यातही अंगठाच, जो अडकतो तो. मी म्हटलं परत येते आणि निघाले. रिक्षात रडले थोडी. रिक्षावाला आरशातून बघत होता, त्याने गाणं बंद केलं, त्यामुळे अजूनच रडू आलं.

कोणाला सांगायची सोय नाही, हाच त्रास आहे. काहीही बोललं की समोरच्याचं वाक्य ठरलेलं, अगं पण आता बरी आहेस ना. आहे ना. ब्रेस्ट कॅन्सरचं ऑपरेशन झालं, केमो झाली, रेडिएशन झालं, रिपोर्ट चांगले आहेत, दोन वर्षांत केसही आले, वेगळे आले पण आले. आता फक्त एक गोळी. फक्त, चेकवर रकमेपुढे लिहितात तसं. लेट्रोझोल, अडीच मिलिग्रॅम, मसुरीच्या डाळीपेक्षा थोडी मोठी असेल, रात्री जेवल्यावर एक. पाच वर्षं. एवढीशी गोळी घेऊन बोटं दुखतात म्हणणारी बाई नाटकीच वाटणार. केमोच्या वेळी सगळे डबे घेऊन यायचे. लेट्रोझोलला कोणी डबा आणत नाही.

आणि मलाही मधेच वाटतं की खरंच गोळीचं आहे का हे, की वय झालंय. सत्तावन्न. आईची बोटं पण वाकडी होती शेवटी. कुठपर्यंत गोळी आणि कुठून पुढे मी, ही रेघ सापडत नाही. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले निम्म्या बायका हेच सांगतात, सांधे आणि सकाळचा आखडलेपणा. त्यांनी कागदावर काढून दाखवलं होतं मागे. पाळी गेल्यावर अंडाशयाचं काम थांबतं, तरी शरीर चरबीत, स्नायूंत थोडं थोडं इस्ट्रोजेन बनवत राहतं, अरोमाटेझ नावाचं एक एन्झाइम ते काम करतं आणि ही गोळी त्याचा हात धरून ठेवते. माझी गाठ इस्ट्रोजेनवर वाढणारी होती, तिला उपाशी ठेवायचं तर माझ्या हाडांना आणि सांध्यांनाही उपास. एकाने केलेल्या दंग्याची शिक्षा सगळ्या वर्गाला. मी शिक्षिका असताना हेच करायचे, तेव्हा फार न्यायाचं वाटायचं.

हाडांचं वेगळंच प्रकरण. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा स्कॅनमध्ये उणे 1.8 आलं, उणे अडीचला पोचलं की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ, मी मधल्या बाकावर. रविवारी दुधातून डी व्हिटॅमिनची 60,000 ची पुडी, रोज कॅल्शियम, दर सहा महिन्यांनी हाडांचं सलाईन, ते डाव्या हाताला लावायचं नाही. हे सगळं मला पाठ आहे. बाकी जे होतं, कोरडेपणा वगैरे, त्याबद्दल ह्यांच्याशी बोलायचं राहिलंय. दोन वर्षं राहिलंय. असो.

ओपीडीत ती टॅमॉक्सिफेनवाली भेटते, पोरगेलीच आहे, बेचाळीस वगैरे. तिची पाळी चालू होती म्हणून तिला ती गोळी. ती इस्ट्रोजेन बनणं थांबवत नाही, पेशीच्या दारात खुर्ची टाकून बसते आणि त्याला आत येऊ देत नाही. तिला सांधे फारसे नाहीत पण झळा माझ्यापेक्षा जास्त, आणि गर्भाशयाच्या अस्तराची धास्ती, जरा अंगावर गेलं की सोनोग्राफी. तिनेच सांगितलं की टॅमॉक्सिफेन 1962 मध्ये इंग्लंडमध्ये तयार झाली ती गर्भनिरोधक म्हणून, आणि त्यात सपशेल नापास, उलट बायकांना बीज तयार व्हायला मदत करणारी निघाली. मग कॅन्सरमध्ये पहिली आली. आम्ही दोघी इतक्या हसलो की नर्सने बघितलं. तिला दहा वर्षंसुद्धा घ्यायला लावतील कदाचित. हे सांगताना ती हसत नव्हती.

एक गोष्ट इथे लिहून ठेवते कारण घरात कोणाला सांगितलेली नाही. दिवाळीत मी नऊ दिवस गोळी घेतली नाही. विसरले नव्हते, पट्टीतून काढून कुंडीत टाकायची. बघायचं होतं, गोळीचं आहे की माझं. फराळ होईपर्यंत तरी बोटं परत मिळावीत असंही होतं. चकल्या पाडायला सोऱ्या फिरवता आला नाही तो नाहीच. नऊ दिवसांत काही फरक नाही. उलट रात्री उठून डाव्या बाजूला हाताने चाचपत बसायचे, नऊ दिवसांत काय उगवणार होतं तिथे, पण बसायचे. दहाव्या दिवशी मुकाट चालू केली. डिसेंबरच्या फॉलोअपला डॉक्टरांना सांगून टाकलं, ओरडतील वाटलं होतं. ते म्हणाले नऊ दिवसांत काहीच सिद्ध होत नाही, थांबवून बघायचं तर मला विचारून, आणि फारच झालं तर हिच्या बहिणी आहेत, अ‍ॅनास्ट्रोझोल, एक्झिमेस्टेन, एक सोसत नाही त्यांना कधीकधी दुसरी सोसते. तोवर चाला, हलकी वजनं उचला, बसून राहिलात तर जास्त दुखेल. चालतेय. सोमेश्वरच्या बाजूला रोज पाऊण तास. दुखतं थोडं कमी, हे मान्य करायला जिवावर येतं पण कमी दुखतं.

11 मार्च 2024 ला पहिली घेतली. पाच वर्षांच्या 1826 होतात, मधे 2028 चं लीप वर्ष आहे म्हणून. कालची 679 वी. उरल्या 1147. चोरीच्या नऊ धरल्या तर 1156. गणितवाल्या बाई मला हसतील, मी मराठीची.

परत सहीकडे. काल दुपारी जुन्या लोखंडी पेटीत लग्नाची पत्रिका सापडली, 1995 ची, मी दुसरंच काही शोधत होते. पत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूला मी नव्या नावाच्या सह्या गिरवल्यात, वीसेक तरी असतील, सासरी पहिल्या आठवड्यात माळ्यावर बसून. सगळ्या घाबरलेल्या. आणि मला आठवलं की ही शेपटाची सही काही जन्मजात माझी नव्हतीच. त्याआधी वेगळी होती, वडिलांच्या आडनावाची, तिला शेपूट नव्हतं, टिंबंही नव्हती. तेव्हा नाव बदललं, आडनाव बदललं, सही मुळापासून बदलली, आणि सगळ्यांनी पेढे खाल्ले. आता बोटं आखडून एक शेपूट गेलं तर चिठ्ठी!

हसूच आलं मला. एकटीच हसत होते तर हे आतून, काय झालं? म्हटलं काही नाही, पत्रिका. म्हणाले कोणाची? म्हटलं तुमचीच.

मग बसले कालनिर्णयचं डिसेंबरचं पान उलटं करून. दुपारी दीड, बोटांची उत्तम वेळ. शेपटाचा नाद सोडला. गोल एका दमात होत नाही तर दोन दमात, मधे हात उचलायचा, उचलला तर काय बिघडतं. नाव सुटं सुटं, पहिलीतली पोरं काढतात तसं, आणि खाली छोटी सरळ रेघ. टिंबं ठेवलीत. दोन्ही. तीसेक सह्या केल्या, त्यातल्या अकरा बऱ्यापैकी एकमेकींसारख्या आहेत. सुंदर नाहीये. चेकवर शोभणार नाही. पण उद्या गोळीने अजून काही केलं तरी ही काढता येईल अशी आहे.

हुडहुडी थांबली, आता हात गरम आहेत तर झोप नाही. आत्ता सही केली असती तर मस्त आली असती, पण पहाटे तीनला कुठली बँक.

दुपारी साडेबाराला जायचं, ऊन अंगावर घेऊन, चालत. नवीन स्पेसिमन द्यायचं. त्या मुलीला वड्या न्यायच्या थोड्या. आणि पेन घरचं, मी त्याला चार रबरबँड गुंडाळून जाड केलंय, धरायला बरं पडतं. त्यांच्याकडचं दोरीला बांधलेलं असतं.