६५ किलो आणि आम्ही सगळे

परवा रात्री आमच्या बिल्डिंगच्या पैलवानाने व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप सोडला. भांडून वगैरे नाही, काही लिहिलं पण नाही, नुसती ती बारीक करडी ओळ आली की अमक्याने ग्रुप सोडला, आणि तिच्याखाली लगेच धाकट्या मामांचा गुड नाइटचा गुलाब. कोणी काही बोललं नाही. मीही नाही. पण तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय म्हणून लिहून काढते, नाहीतर झोप यायची नाही आणि उद्या मंथ एंड आहे.

ग्रुपचं नाव 'यंदा सोनंच'. डीपीला त्याचाच फोटो, लाल कॉस्च्युममधला, रेफरीने हात वर केलेला. त्या फोटोत त्याचा उजवा कान अजून नीट आहे, आता पार भज्यासारखा झालाय. म्हणजे फोटो किती जुना ते बघा. नवा फोटो टाकायचं कोणाला सुचलं नाही कारण नव्या फोटोत हात वर नाहीये.

झालं काय, तर अण्णांनी आयडिया काढली. पोरगा टी.वाय.ला, म्हणजे कॉलेजचा शेवटचा सीझन, सगळे तेच घोकत बसलेत, शेवटचा शेवटचा. तर अण्णा म्हणाले शेवटचा कशाला, आंतरविद्यापीठला पंचविशीपर्यंत खेळता येतं, हा आत्ता एकवीसचा, एम.कॉम.ला नाव टाकायचं, अभ्यास होतो तेवढा होईल, अजून दोन वर्षं हातात. धडाधड अंगठे पडले. मी पण टाकला. मामांनी तर शड्डू ठोकतानाचा कुठलातरी व्हिडिओ टाकला. आणि मग अकराच्या सुमाराला ती ओळ.

आता मला का लागावं? मी काय त्याची वस्ताद नाही, नातेवाईक नाही. एका मजल्यावर राहायचो इतकंच, आता तर तेही नाही, टॉवर झाल्यापासून ते बाराव्यावर आणि आम्ही एकोणिसाव्यावर. पण लागलं. आम्ही काय मागितलं होतं त्याच्याकडे? शूजना वर्गणी काढली तेव्हा कोणी हिशोब विचारला नाही. बदाम सोलून दिलेत मी, ऑफिसला जायच्या आधी, भिजवलेले, वाटीभर. हाफ डे टाकून इंटरकॉलेजिएट बघायला गेलेय आणि मॅनेजरला दाढ दुखतेय सांगितलंय. घसा बसेपर्यंत 'पट काढ, पट काढ' ओरडलेय, म्हणजे पाय धरून पाड, बाजूच्या कॉलेजची पोरं हसत होती. एवढं करून माणसाने साधं 'ताई, मला नाही जमणार' एवढंही लिहू नये?

हे लिहिलं आणि वाचलं तर वाईटच वाटलं. राहू दे तरी.

बाबांना सांगितलं तर म्हणाले, ग्रुप म्हणजे काय तालीम आहे का सोडायला. बाबांचं वेगळंच. त्यांच्या डोक्यात अजून चाळीखालची तालीम आहे, लाल माती, तिच्यात तेल हळद ताक लिंबू, गिरणीतून सुटून आलेली सातारा-कोल्हापूरची माणसं, पहाटे जोर-बैठका मारून मग पाळीवर. ८२ च्या संपानंतर ती माणसं पांगली, तालमीत पुढे कॅरम आला, मग बिल्डिंगच गेली. पोरगा त्या मातीत दोन-तीन वर्षंच लोळला असेल, लहान होता. बाकी सगळं मॅटवर. बाबांना मॅट मान्य नाही. पॉइंट तर अजिबात मान्य नाहीत. चितपट झाल्याशिवाय कुस्ती कसली, म्हणतात, पाठ लागली की संपलं, त्यात मोजायचं काय.

आणि गेल्या वर्षी नेमकं मोजण्यातच गेलं ना.

ती कुस्ती मी इतक्या वेळा मनात लावलीय की आता खरी कुठली आणि माझी कुठली ते कळत नाही. फायनल, ६५ किलो. पहिल्या तीन मिनिटांत आमचा सुस्त, नुसता हात खेळत होता, रेफरीने ताकीद दिली, मग तीस सेकंदांचं घड्याळ लावलं की एवढ्यात गुण घे, नाही घेतला, समोरच्याला फुकटचा एक. दुसऱ्या राउंडला मात्र असा एकेरी पट काढला की अख्खी गॅलरी उभी राहिली, दोन गुण. मग त्याला ढकलत ढकलत रेषेबाहेर घातला, अजून एक. ३-१. मी बाजूच्या अनोळखी बाईचा हात धरलेला. शेवटचे काही सेकंद राहिलेले आणि समोरचा खालून घुसला. दोन. ३-३, शिट्टी.

आम्हाला वाटलं बरोबरी, आता अजून खेळवतील. मामा तर पाणी आणायला गेले. तसं नसतं. गुण सारखे झाले की मोठा डाव कोणाचा ते बघतात, दोघांचा दोनाचाच. मग नियम मोडल्याच्या ताकिदी बघतात, सुस्तीची त्यात धरत नाहीत, त्याही सारख्या. मग शेवटचा गुण ज्याने घेतला त्याची कुस्ती. मामा बाटली घेऊन आले तेव्हा समोरच्या पोराचा हात वर होता. एका वजनाला विद्यापीठाकडून एकच जातो, त्यामुळे ऑल इंडिया, म्हणजे आंतरविद्यापीठ गेलं, सगळंच गेलं. परतीच्या लोकलमध्ये कोणी बोलेना. पोरगा खिडकीत, टॉवेल डोक्यावर. करी रोडला उतरताना तोच म्हणाला, ताई, तुमची पिशवी राहिली.

तर यंदा सोनंच. हे नाव त्या रात्री ठेवलंय, आणि त्याला विचारून ठेवलंय का, तर कोणाला आठवत नाही.

काल संध्याकाळी लिफ्टमध्ये वैनी भेटल्या, त्याची आई. मी काही विचारलं नाही, त्याच बोलल्या, पण ग्रुपबद्दल नाही. वजनाबद्दल. त्याचं अंगचं वजन एकाहत्तर-बाहत्तर, खेळायचं पासष्टला. सीझन जवळ आला की घरात भात लागत नाही. म्हणजे लागतो, पण धाकटी आणि तिचे पप्पा शेजारी जाऊन जेवतात, दार लावून, फोडणीचा वास जाऊ नये म्हणून. ऑगस्ट २०२४ ला पॅरिसला विनेशचं १०० ग्रॅम जास्त भरलं आणि फायनलच्या सकाळी तिला बाहेर काढलं, तेव्हापासून वैनी पोराचं पाणीसुद्धा कपाने मोजतात. रबराचा सूट घालून जिना चढतो म्हणाल्या, बारा मजले, लिफ्ट असून. वॉचमन हसतो त्याला. मग बारावा आला आणि वैनी उतरल्या आणि दाराला हात लावून म्हणाल्या, यंदाचं एक झालं की सुटला बाई.

सुटला.

मी वर येईपर्यंत तेच. आम्ही वर्षभर शेवटचा सीझन म्हणून हळहळतोय, कसं संपणार, काय संपणार, अजून दोन वर्षं मिळाली तर किती छान. आणि खाली बाराव्या मजल्यावर तो कधी संपतो याचे दिवस मोजत बसलेत. मला हे कधी डोक्यातच आलं नव्हतं की त्याला संपायला हवं असेल. हरण्याचं भय वगैरे ठीक, ते समजतं. पण जिंकून का होईना, एकदाचं संपव, असं?

वॉचमनकडूनच अजून एक कळलं, ते मात्र ग्रुपवर टाकलेलं नाही आणि टाकणारही नाही. पैलवान सकाळी साडेपाचला मैदानात जातो तो कुस्तीच्या प्रॅक्टिसला नाही. पोलीस भरतीची पोरं असतात ना, १६०० मीटर, १०० मीटर, गोळाफेक, शिट्टीवाला एक सर, त्यांच्यात धावतो. म्हणजे ह्याचं सगळं ठरलेलं आहे. एम.कॉम. कुठे बसतं त्यात?

अण्णांना हे सांगितलं तर ते पाच टक्के खेळाडू कोट्यावर अर्धा तास बोलतील आणि मग खाशाबा जाधवांवर येतील. खाशाबांशिवाय त्यांचं वाक्य पुरं होत नाही. १५ जानेवारीला, खाशाबांच्या जयंतीला, तर सकाळी सहापासून स्टेटस. मला पाठ झालंय सगळं, राजाराम कॉलेजचा विद्यार्थी, ४८ ला लंडन ऑलिंपिकला सहावा, आयुष्यात पहिल्यांदा मॅटवर, ५२ ला हेलसिंकीला जायला पैसे नाहीत तर प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकून सात हजार दिले, लोकांनी गावोगाव वर्गणी काढली, ब्राँझ घेऊन आले तर शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक. अण्णांचा आवाज बैलगाड्यांपाशी दाटून येतो आणि तिथेच ते थांबतात. दरवेळी. ५५ ला तो माणूस पोलिसात सब-इन्स्पेक्टर म्हणून लागला आणि पुढची सगळी वर्षं तीच नोकरी केली, हे ते सांगत नाहीत. त्यात मिरवणूक नाही ना. मला परवापासून मात्र तेच जास्त आठवतंय, बैलगाड्या गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी काय केलं असेल.

आणि प्राचार्यांचं बघा, घर गहाण टाकलं त्या माणसाने. आम्ही शूजच्या वर्गणीवर 'आपला पैलवान' म्हणतोय.

माझं कॉलेजचं शेवटचं वर्ष खो-खोचं होतं. तेव्हा ग्रुप वगैरे नव्हते, आणि असते तरी कोणी काढला नसता. आई म्हणायची, झालं ना आता... असो. तो विषय नाही.

आज सकाळी मात्र ट्रेनमध्ये ग्रुप उघडला आणि हसूच आलं. अडलं नाही हो काही. पंच्याण्णव मेसेज. टी-शर्ट भगवा की निळा यावर भांडण. खालच्या वैनींच्या भावाने ऑल इंडियाला कसं जायचं त्याचा प्लॅन टाकलाय, स्पर्धा कुठे आहे ते अजून जाहीर नाही, पण हरियाणातच असणार असं धरून दिल्लीपर्यंत गाडी आणि पुढे बघू. इंटरकॉलेजिएट जिंकायचीय आधी, ती दिवाळीनंतर, पण त्याबद्दल कोणी बोलत नाही. रोहतक-भिवानीच्या पोरांना कसं हरवायचं यावर मामांचं भाषण, मामांनी जन्मात लंगोट लावलेला नाही. कोणीतरी मध्येच विचारलं, पैलवान रिप्लाय का देत नाही. त्यावर मामा, प्रॅक्टिसमध्ये असेल, डिस्टर्ब करू नका. म्हणजे तो गेलाय हे बऱ्याच जणांनी बघितलेलंच नाही. मी परवापासून इथे जीव जाळतेय आणि ह्यांना पत्ता नाही. आणि खरं तर काय फरक पडला, तो होता तेव्हाही अंगठ्यापलीकडे काही बोलत नव्हताच.

त्यात भर म्हणजे एकाने लिहिलंय, एफ.वाय.ला ५७ किलोचा एक नवा आलाय, विट्याकडचा, ढाक काय मारतो म्हणे, ह्याच्यानंतर तोच. आठ अंगठे. बिचाऱ्याला कल्पना तरी आहे का काय येतंय अंगावर.

मग मला जरा बरं वाटायला लागलं, का ते नीट सांगता येत नाही. संपणार आहे ते बहुतेक आमचंच. तो भरती होईल किंवा नाही होईल, कुठेतरी नागपूर-गडचिरोलीला पोस्टिंग घेईल, पोटभर भात खाईल, पंच्याऐंशी किलोचा होईल. आमचं काय, परत हाफ डे, परत दाढ, विट्याचा पोरगा. चालेल की. न चालून काय करता.

फायनलला मी जाणार आहेच. त्याने ग्रुप सोडलाय, मला येऊ नका म्हणालेला नाही. लांबच्या गॅलरीत बसेन, ओरडणार नाही असं ठरवलंय, बघू. बाबा पण येतो म्हणतायत, गुडघ्याला पट्टा बांधून. मॅट मान्य नसून.

दुपारी लंच टाइमला न राहवून त्याला वेगळा मेसेज टाकला. ग्रुपचं काही नाही, एवढंच, १६०० किती मिनिटांत मारतोस? बराच वेळ निळी टिक नुसती. मग आलं, पाच पन्नास ताई, पाय जड पडतात, कुस्तीचे पाय आहेत ना. आणि खाली, कोणाला सांगू नका. मी म्हटलं नाही सांगत. आणि मग बोटं थांबेनात, लिहिलं, अरे पण पाच तीसच्या आत यायला पाहिजे. पुसलं. परत लिहिलं. शेवटी पाच चाळीस करून पाठवलं.