मॅरेक्सच्या व्हायरसमधले दोन रिपीट

कोंबड्यांच्या मॅरेक्स रोगाबद्दल पोल्ट्रीवाल्यांना वेगळं सांगायला नको. एक पाय पुढे आणि एक मागे ताणून पक्षी बसून राहतो, उघडून बघितलं तर मांडीतली नस (नर्व्ह) सुजलेली आणि लिव्हरवर गाठी. १९०७ साली बुडापेस्टच्या योझेफ मारेक यांनी चार कोंबड्यांमधला हा लुळेपणा पहिल्यांदा नोंदवला, आणि त्यामागे हर्पिस जातीचा व्हायरस आहे हे कळायला पुढची साठेक वर्षं गेली. पण मला लिहायचंय ते त्याच्या डीएनएतल्या रिपीटबद्दल, म्हणजे तीच अक्षरं लागोपाठ परत परत येतात त्या तुकड्यांबद्दल, कारण यात लोक सरसकट गल्लत करतात असं मला मनापासून वाटतं.

पहिला रिपीट १३२ अक्षरांचा. जहाल स्ट्रेनमध्ये, म्हणजे व्हायरसच्या जहाल वाणात, त्याच्या सहसा दोनच कॉपी असतात, पण तोच व्हायरस लॅबमध्ये पेशींवर पॅसेजवर पॅसेज करत, म्हणजे एका खेपेच्या पेशींतून पुढच्या खेपेच्या पेशींत नेत, वाढवत नेला की कॉप्या वाढत जातात, आणि १९८६ मध्ये जपानी संशोधकांनी हे दाखवून दिलं. डीएनएचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करणाऱ्या जेलवर बघायला तर फारच छान दिसतं, एका लांबीच्या तुकड्यांचा एक पट्टा म्हणजे बँड, जहाल व्हायरसचा एक स्वच्छ बँड आणि पॅसेज केलेल्याचे मात्र एकावर एक बँड चढत गेलेले, प्रत्येक आधीच्यापेक्षा १३२ ने मोठा, अगदी शिडी लावल्यासारखे. पॅसेज करता करता व्हायरस सौम्यही होतो ना, मग लोक म्हणायला लागतात की रिपीट वाढले म्हणून तो सौम्य झाला. तसं नाहीये! २००४ मध्ये सिल्वा आणि सहकाऱ्यांनी हे तपासलं, तर नुसते रिपीट वाढल्याने व्हायरस सौम्य होत नाही असंच निघालं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडतात, बस.

तरी मार्कर, म्हणजे ओळखायची खूण, म्हणून तो कामाचा होता, कारण मॅरेक्सची लस घेतलेल्या पक्ष्याला गाठी होत नाहीत पण फार्मवरचा व्हायरस त्याच्यात शिरतोच, वाढतो, आणि पिसांच्या मुळांतून कोंड्याबरोबर शेडभर पसरतो. म्हणजे एकाच कोंबडीत लसीतला सौम्य रिस्पेन्स स्ट्रेन आणि बाहेरचा जहाल स्ट्रेन दोन्ही सापडू शकतात, मग कोणता कुठला हे ओळखायचं कसं? अडचण अशी की लसीच्या कुपीतही कमी-जास्त कॉप्यांचे व्हायरस मिसळलेले असतात, त्यामुळे नुसत्या १३२ वर भरवसा ठेवून रिपोर्ट देणं मला पटत नाही. आता व्हायरसच्या पीपी३८ या जीनमधल्या एका अक्षराच्या फरकावर रिअल-टाइम पीसीआर (डीएनएचा ठरावीक तुकडा वाढवत मोजायची चाचणी) करतात, ते जास्त खात्रीचं.

दुसरा रिपीट फक्त सहा अक्षरांचा, टीटीएजीजीजी, व्हायरसच्या डीएनएच्या दोन्ही टोकांना. हीच सहा अक्षरं कोंबडीच्या क्रोमोसोमच्या टोकांनाही असतात (आपल्याही!), आणि व्हायरस नेमका तिथेच, टेलोमिअरमध्ये जाऊन बसतो आणि गप्प राहतो. २०११ मध्ये काउफर आणि सहकाऱ्यांनी हे रिपीट बिघडवलेले व्हायरस बनवले, तर त्यांना टेलोमिअरमध्ये घुसणं जमेना, बाहेर पडून परत जागं होणंही जड जायला लागलं आणि कोंबड्यांमधल्या गाठीही कमी झाल्या. हा रिपीट खरंच काम करतो, १३२ वाला नुसती खूण आहे, आणि दोन्ही एकाच व्हायरसमध्ये आहेत म्हणून एकाचं श्रेय दुसऱ्याला देऊन चालत नाही.

माणसातल्या एचएचव्ही-६ या हर्पिस व्हायरसलाही असेच टीटीएजीजीजी रिपीट आहेत आणि साधारण शंभरात एका माणसाच्या प्रत्येक पेशीत तो जन्मापासून टेलोमिअरमध्ये बसलेला असतो. त्याचं नीट समजून घ्यायचं असेल तर कोंबडीचा हा व्हायरस आधी वाचाच, कारण माणसात करता येत नाहीत ते प्रयोग इथे खऱ्या यजमानात, कोंबडीतच करता येतात.