मोटारहोममधले काका-काकू

सांगलीच्या विश्रामबागेतले आमचे शेजारी काका-काकू निवृत्तीनंतर मुलीकडे अमेरिकेला गेले होते. तेथे फ्लोरिडा कीज या बेटांचा प्रवास मोटारहोममधून, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाडीतून, करून ते परतले आणि आज दुपारी त्यांच्याकडे भडंग खात ती सगळी हकिकत ऐकताना मला मनापासून आनंद झाला. शेवटच्या ‘की वेस्ट’ बेटापर्यंतचा सुमारे १८२ किलोमीटरचा रस्ता ४२ पुलांवरून बेटामागून बेट ओलांडत जातो. त्यातला सेव्हन माइल ब्रिज जवळजवळ ११ किलोमीटर लांबीचा आहे. उद्योगपती हेन्री फ्लॅग्लर यांनी १९१२ मध्ये येथे रेल्वे पोहोचवली, १९३५ च्या चक्रीवादळाने ती उद्ध्वस्त केली आणि १९३८ मध्ये तिच्याच पुलांवरून रस्ता सुरू झाला, हे काका सांगत होते, तेव्हा पावसाळ्यात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची पाणीपातळी विचारत रात्री जागणाऱ्या आम्हा सांगलीकरांना ते वेगळे समजावून सांगावे लागले नाही.

मला अधिक भावले ते काकूंचे बोलणे. मुक्कामाच्या जागी वीज आणि पाण्याची जोडणी करणे, सांडपाण्याच्या टाक्या ठरलेल्या ठिकाणीच रिकाम्या करणे, ही कामे त्या हातमोजे घालून स्वतः करीत. आधी संडासाची टाकी सोडायची आणि मग मोरीची, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी आपोआप धुऊन निघते, हे त्यांनी हातवारे करून दाखवले. बिग पाइन की बेटावर त्यांना कमरेपेक्षाही कमी उंचीची हरणे दिसली. ती फक्त याच बेटांवर आढळतात.

हिवाळ्यात तेथील हवा उबदार आणि कोरडी असते, म्हणून आमचाही तेव्हाच तेथे जाण्याचा बेत आज ठरला असून पासपोर्टच्या नूतनीकरणाचा अर्ज उद्या भरणार आहोत.