आधी उतार, मग चढ

इंदूरच्या माणसाने दिवसभर डोंगरात पायी हिंडून आल्याचे सांगितले की पुण्या-नाशकाकडचे नातेवाईक किंचित हसतात आणि "तुमच्याकडे डोंगर आहेत कुठे?" असे विचारतात. त्यांचे अगदीच चुकते असे नाही. माळव्याच्या पठारावरचे सर्वांत उंच शिखर सिगार, त्याची उंची 881 मीटर; महूजवळचे जानापाव 854 मीटर. कळसूबाईच्या 1646 मीटरांपुढे हे आकडे लाजिरवाणे वाटतात आणि त्यातही इंदूर शहरच सुमारे साडेपाचशे मीटरांवर वसलेले असल्यामुळे प्रत्यक्ष चढायला उरते ते फारच थोडे. पण या हिशेबात एक गोष्ट निसटते. माळव्याचा डोंगर माणसाच्या डोक्यावर नसतो, तो पायाखाली असतो. आपण आधीच त्याच्या माथ्यावर राहतो, नोकऱ्या करतो, सकाळी पोहे-जिलबी खातो, आणि डोंगर पाहायचाच असेल तर त्याच्या कडेपर्यंत जाऊन खाली उतरावे लागते.

ही कड पातालपाणीला भेटते. महू मागे टाकल्यावर सोयाबीनची सपाट शेते लागतात, काळी माती बुटांना चिकटते, आणि पुढे असे काही असेल अशी पुसटशीही कल्पना नसताना जमीन संपते. पठारावर मुकाट्याने वाहत आलेले पाणी सुमारे 300 फूट खाली कोसळते आणि समोर चोरल नदीचे सागाने भरलेले खोरे उघडते. पावसाळ्यात इथे रेलून फोटो काढणाऱ्यांची इतकी गर्दी असते की चालणाऱ्याने आश्विन उजाडेपर्यंत थांबावे हे बरे. तोवर वाटा वाळलेल्या असतात, ओढ्यांना पाणी असते आणि गवत छातीपर्यंत वाढलेले असते. त्या गवतातून चालताना हातातली काठी मिरवण्यासाठी नसते.

पातालपाणीहून खाली खोऱ्यातल्या काळाकुंडला पायवाटेने जाऊन परत यायचे म्हणजे वीसेक किलोमीटरांची चाल होते. डोंगरातल्या वेळेचा हिशेब करण्यासाठी नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये एक सोपा नियम मांडला, तो आजही वापरात आहे: दर तीन मैलांना एक तास, आणि त्यावर दर 2000 फूट चढाईसाठी आणखी एक तास. नियम चांगला आहे, फक्त चढ दिवसाच्या कोणत्या प्रहरी येतो याच्याशी त्याला कर्तव्य नाही. जिथे माणूस पहाटे ताज्या दमाने चढतो आणि दुपारी उतरतो, तिथे ते चालून जाते. आमच्याकडे सकाळच्या गारव्यात, पोट भरलेले आणि गप्पा रंगात आलेल्या असताना उतार येतो, आणि आश्विनातल्या दुपारच्या उन्हात, पिशवीतल्या दशम्या संपल्यावर, चढ. शिवाय उतार फुकटचा असतो हाही भ्रमच आहे, कारण उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार पेलत असतात आणि त्यांचे दुखणे त्या दिवशी न जाणवता दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना प्रकट होते. आमच्याबरोबर येणारे एक निवृत्त काका म्हणूनच सकाळी सगळ्यांच्या मागे, जवळजवळ रेंगाळत चालतात. तरुण मंडळी त्यांची थट्टा करतात ती साधारण दुपारी दोनपर्यंतच.

या उताराची खरी मापे मात्र लोहमार्गाने घेतलेली आहेत. इंदूरपर्यंत रेल्वे यावी म्हणून होळकरांनी इंग्रज सरकारला 1 कोटी रुपये 101 वर्षांच्या मुदतीने, साडेचार टक्के व्याजाने कर्जाऊ दिले होते. राजाने राज्यकर्त्याला कर्ज द्यावे, हा व्यवहार आम्हा इंदूरकरांना सांगायला फार आवडतो. पातालपाणी ते काळाकुंड हा त्या मार्गाचा घाट, साडेनऊ किलोमीटरांच्या आसपासचा. 40 मीटर पुढे गेले की 1 मीटर चढ, इतका तो उभा आहे. मीटरगेजच्या गाडीला हा चढ एका इंजिनाने झेपत नसे. पायवाटेवर हे प्रमाण कोणी पाळलेले नाही. ती कधी सपाट असते, तर कधी हातांचीही मदत घ्यायला लावते.

काळाकुंडला पळसाच्या पानावरचा कलाकंद खाऊन झाल्यावर बाटलीतले उरलेले पाणी मोजावे लागते, आणि तिथे मला दर वेळी एक गंमत सुचते. जानापावच्या उत्तर उतारावर पडलेला पाऊस चंबळेतून यमुनेला आणि अखेर बंगालच्या उपसागराला जातो. कडेच्या या बाजूचा पाऊस चोरलमधून नर्मदेला मिळून भरूचजवळ अरबी समुद्रात जातो. पण इंदूरच्या नळाला येणारे पाणीही नर्मदेचेच असते. जलूदहून सुमारे 70 किलोमीटर अंतरावरून ते पंपांच्या जोराने हीच विंध्याची कड चढून 1978 पासून शहरात येते. म्हणजे माझ्या पाठीवरची बाटली एकदा वर चढून आलेली नर्मदा पुन्हा खाली घेऊन आलेली असते, आणि जे काही मी पिऊन संपवलेले नसते ते मला स्वतःच्या पायांनी परत वर न्यायचे असते. पंपांविषयीचा माझा आदर त्या चढावर बराच वाढतो.

मग चढ. त्याविषयी फार लिहिण्यासारखे नसते, कारण तिथे कोणी बोलत नाही. वर पोहोचल्यावर शिखर नाही, भगवा झेंडा नाही. सागाची शेवटची रांग संपते आणि एकदम कोणाच्या तरी शेतात उभा असलेला ट्रॅक्टर दिसतो. काका तोवर पुढे निघून गेलेले असतात. यंदा त्यांनी असे सुचवले आहे की खंडवा रस्त्याने आधी गाडीने खाली उतरावे, काळाकुंडहून सकाळीच चढायला लागावे आणि बाकीचा दिवस उतारावर घालवावा. शास्त्रदृष्ट्या सूचना निर्दोष आहे; तरीही अर्ध्या मंडळींनी ती फेटाळली, कारण मग कलाकंद सकाळी साडेसातला खावा लागेल, आणि इंदुरात ती वेळ पोह्यांची असते.