पॉर्टर रॉकवेलचे केस

अमेरिकेतल्या युटात आल्यापासून आम्ही संध्याकाळी ज्या वाटेवर फिरायला जातो तिचं नाव पॉर्टर रॉकवेल ट्रेल. एका बाजूनं ट्रॅक्सची (इथली शहरी रेल्वे) गाडी धावते, वाटेवर पोरं सायकली दामटतात. मला वाटायचं, असेल कुणी जुना नगराध्यक्ष! शेजारचे आजोबा हसले. म्हणाले, "पोलीस म्हणा नाहीतर मारेकरी म्हणा, माणूस आमचाच."

मॉर्मन पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ याचा हा लहानपणापासूनचा जिवलग. 1838 मध्ये मिसुरीचा गव्हर्नर बॉग्ज यानं मॉर्मन लोकांना राज्यातून हुसकून लावण्याचा हुकूम काढला. 1842 मध्ये कुणीतरी खिडकीतून त्याच्या डोक्यात छर्रे झाडले. बॉग्ज वाचला, संशय रॉकवेलवर आला. नऊएक महिने तुरुंगात काढले, पण पुरावा मिळेना. तुरुंग फोडायचा प्रयत्न केला म्हणून शिक्षा झाली, तीही पाच मिनिटांची!

सुटल्यावर तो स्मिथच्या घरी पोचला तो नेमका 1843 च्या नाताळच्या रात्री. जेवणावळ चाललेली. खांद्यावर रुळणारे केस, मळके कपडे. कुणी दारुडा घुसलाय असं वाटून स्मिथनंच त्याला बाहेर काढायला सांगितलं. झटापटीत चेहरा दिसला आणि ओळख पटली. सांगतात की तेव्हाच स्मिथनं वचन दिलं: केस कापू नकोस, श्रद्धा सोडू नकोस, गोळी-सुरी तुला शिवणार नाही. आपल्याकडे नवसाचे केस ठेवतात, तसंच काहीसं.

पुढे युटात तो डेप्युटी मार्शल झाला, घोडेचोरांचा माग काढू लागला. पॉइंट ऑफ द माउंटनजवळ त्याचं हॉटेल आणि दारूची भट्टी होती (दारू वर्ज्य असलेल्या पंथात!). 1857 च्या एकिन हत्याकांडासाठी (कॅलिफोर्नियाहून आलेल्या प्रवाशांच्या खुनांसाठी) त्याला पकडलं ते थेट वीस वर्षांनी, आणि खटला उभा राहण्याआधीच, 1878 मध्ये तो वारला. तो निर्दोष होता असं मला काही वाटत नाही.

तरी एक गोष्ट डोक्यातून जात नाही. स्मिथच्या भावाची विधवा अ‍ॅग्नेस तापातून उठली तेव्हा तिचे केस गळून गेले होते. रॉकवेलनं आपले केस कापून तिला टोपासाठी दिले. 1860 मध्ये रिचर्ड बर्टन हा इंग्रज प्रवासी त्याला भेटला, तेव्हा मात्र केस पुन्हा लांब झाले होते. वेणी घालून मागे टाचलेले.