नकलबोन्स नव्हे, सागरगोटे

परवा लेकीच्या शाळेत मधल्या सुट्टीतले खेळ टिपायला एक संशोधक बाई आल्या होत्या. लेक घरी येऊन म्हणाली, "आई, त्यांनी माझे सागरगोटे नकलबोन्स म्हणून लिहिले." नकलबोन्स म्हणजे इथला तसाच, हाडांच्या आकाराच्या सोंगट्या उडवून झेलायचा खेळ. तेव्हापासून माझ्या डोक्यातून ते जात नाहीये.

इथे ऑस्ट्रेलियात मुलांच्या खेळांचं फार मोल आहे. १९५४-५५ मध्ये डोरोथी हॉवर्ड या अमेरिकन अभ्यासक फुलब्राइट शिष्यवृत्तीवर मेलबर्नला आल्या आणि शाळाशाळांतून खेळ टिपत फिरल्या. मुलांच्या लोकसाहित्याचा मोठा संग्रह आज इथल्या म्युझियममध्ये आहे. तिकडे भारतात आपल्या वर्गात चार मातृभाषा सहज असायच्या, पण मैदानात वही घेऊन उभं राहिलेलं मी कधी कुणाला पाहिलं नाही.

म्हणूनच जास्त लागलं. बियांबाबत इथले नियम कडक, म्हणून गजगे, म्हणजे खऱ्या सागरगोट्यांच्या बिया, मी आणलेच नाहीत. लेक खेळते ती इथल्याच प्लास्टिकच्या नकलबोन्सनी. बाईंनी सोंगट्या पाहिल्या आणि नाव लिहून टाकलं. उद्या कुणी ती वही हॉवर्डबाईंच्या नोंदींशेजारी ठेवली, तर म्हणेल, बघा, जुना खेळ टिकून आहे! पण हा खेळ इथल्या कुणाच्या आजीकडून आलेला नाही. माझ्या आईने तो व्हिडिओ कॉलवर शिकवलाय, महिनाभर, रोज संध्याकाळी. हॉवर्डबाई इथे फिरत होत्या तेव्हा गोरे नसलेल्यांना इथे वसू न देणारं 'व्हाइट ऑस्ट्रेलिया' धोरण चालू होतं. ते पुरतं संपलं १९७३ साली. आमच्यासारख्यांना तेव्हा दारच बंद होतं. आता मैदान बदललंय, तर नुसतं 'काय खेळता' विचारून भागणार नाही. 'कुणी शिकवलं, घरी काय म्हणता' हेही विचारायला हवं.

'भारतीय खेळ' असं लिहिलं असतं तरी मी भांडलेच असते. लेकीची व्हिएतनामी मैत्रीण घरी काड्या आणि चेंडूने असंच काहीसं खेळते. दोघींनी मिळून नियम जुळवलेत. तो कुठल्या देशाच्या रकान्यात घालणार?

लेक उचलताना मराठीत मोजते. बाई जवळ आल्यावर मात्र गप्प झाली म्हणे. मोठ्या माणसापुढे शाळेत घरची भाषा मिटते, आणि नोंद त्या गप्पपणाची होते. मी तिला मराठी शिकवते ती काय घरापुरती? जन्मभूमी सोडली म्हणून सगळं सोडलेलं नाही.

बाईंना मी लांबलचक ईमेल लिहिली. त्यांनी लगेच उत्तर दिलं: पुढच्या मंगळवारी घरी येऊ का, आजींशी बोलता येईल का?

आईला सांगितलं, तर ती अंगणातून गजगे वेचायला उठलीसुद्धा.